रगड्याचा आवाज

आमच्या सैदापेटच्या घराची आठवण मला डोळ्यांनी येत नाही, कानांनी येते. डोळे मिटले की आधी हॉलमधल्या झोपाळ्याच्या कड्या कुरकुरतात, मग स्वयंपाकघरात आईचं स्वतःशीच चाललेलं पुटपुटणं ऐकू येतं, आणि या सगळ्याच्या खाली, जमिनीतून आल्यासारखी, मागच्या अंगणातल्या रगड्याची घरघर. रगडा मी फिरवत असे. रविवारच्या इडल्यांचं पीठ शनिवारी दुपारी वाटायचं, ते हातानेच वाटायचं आणि ते काम घरातल्या मुलीचं, असा अप्पांचा कायदा होता. मुलगी मी एकटीच, त्यामुळे कायद्याची अंमलबजावणी सोपी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, कढीलिंबाच्या सावलीत तो काळा दगड जमिनीत अर्धा पुरलेला होता. त्याच्या खळग्यात भिजलेले तांदूळ घालायचे, उजव्या हाताने वरचा दगड गोल फिरवायचा, डाव्या हाताने कडेला आलेलं पीठ आत लोटायचं. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की हात आपोआप चालत आणि मन कुठल्या कुठे जाई. कॉलेजातली माझी अर्धी स्वप्नं मी त्या दगडापाशी पाहिली. त्यांतलं एकही खरं झालं नाही, पण पीठ चांगलं व्हायचं.

अप्पा तंजावूरकडचे मराठी. महाराष्ट्र त्यांना नकाशात दाखवता आला असता, पण तिथे उतरून रिक्षावाल्याशी बोलायची वेळ आली असती तर पंचाईत झाली असती. घरात ‘खरी’ मराठी यावी म्हणून थोरल्यांनी त्यांच्यासाठी नागपूरची मुलगी आणली. ती आल्यावर तिची मराठी ऐकून सगळे हसले आणि यांची ऐकून ती हसली, आणि हे हसणं पुढे त्यांच्या संसारात कायम राहिलं. “तुमचं बोलणं पेटीतून काढल्यासारखं वाटतं, कापराचा वास येतो,” आई म्हणायची. अप्पा झोपाळ्यावरून उत्तर देत, “असूं दे गे. जुनं म्हणून तर टिकलं. तुम्ही लोक दर वर्षी नवं करून सोडतां.” तमिळ मात्र आईला शेवटपर्यंत आली नाही. भाज्यांची नावं, ‘वेंडाम’ म्हणजे नको, ‘पोदुम’ म्हणजे पुरे आणि ‘सरि’ म्हणजे बरं, एवढ्या भांडवलावर तिने या शहरात जन्म काढला. त्यातला ‘सरि’ हा तिचा हुकमी शब्द. तो ती इतक्या निरनिराळ्या सुरांत म्हणायची की समोरच्याला वाटावं, या बाईला अक्षर न् अक्षर कळतंय. आमची दहीवाली तिला आपल्या सुनेची गाऱ्हाणी तासन्‌तास सांगत बसायची आणि मोकळी होऊन जायची.

अप्पा वकील होते. फार मोठे नव्हेत. सैदापेटच्या कोर्टात रोज उभे राहणारे, कधीमधी हायकोर्टात जाणारे. समुद्रापलीकडे लंकेत लढाई पेटली आणि होड्या भरभरून माणसं आमच्या किनाऱ्याला लागली, तेव्हापासून शनिवार आमचा राहिला नाही. कुणाला पोलिसांनी उचललेलं असे, कुणाच्या पोराला शाळा घेत नसे, कुणी छावणीतून परवानगीशिवाय बाहेर पडून कामाला लागलेलं असे आणि मालक मजुरी द्यायला नकार देत असे. तक्रार करायची तर आधी स्वतःचाच गुन्हा कबूल करायचा, अशी सगळी आगीतून फुफाट्यात गत. ही माणसं आमच्याकडे येत. संस्थेला नाव नव्हतं, दारावर पाटी नव्हती. अप्पा होते, आणि मागच्या गल्लीत राहणाऱ्या मेरी टीचर होत्या. मेरी टीचर शाळेतून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या कॉटनच्या साडीतल्या, आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागे. आलेल्या माणसाला विचारायचं काम त्यांचं, कोर्टात भांडायचं काम अप्पांचं आणि पानं वाढायचं काम आईचं.

नियम होते दोनच. पहिला आमच्या घराण्याचा, कोर्टकचेरीच्याही आधीचा. आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय काम विचारायचं नाही. “भुकेला माणूस खरं बोलत नाही, लवकर बोलतो,” असं अप्पा म्हणत. दुसरा नियम मेरी टीचरांचा. माणसाची गोष्ट एकदाच विचारायची, एकाच माणसाने विचारायची, आणि त्याला सांगायची नसेल तर पुन्हा विचारायची नाही. या लोकांना किनाऱ्यावर विचारलेलं असे, ठाण्यात विचारलेलं असे, छावणीत विचारलेलं असे. मेरी टीचरांनी एका बाईला कुठल्याशा कचेरीत आपली कहाणी पुन्हा सांगता सांगता शुद्ध हरपून पडताना पाहिलं होतं आणि तिथून त्या हा नियम घेऊन आल्या होत्या. अप्पांना तो वकील म्हणून अडचणीचा होता, पण त्यांनी तो पाळला.

आता या वयात मी कुठे कुठे बोलावली जाते, नव्या संस्थांची कार्यालयं पाहते. मुलंमुली मनापासून राबतात, त्यांना कायदा आमच्यापेक्षा जास्त येतो, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आत विचारतात, तुमची केस काय? माझ्या ओठांवर येतं, अरे त्याला आधी इडली तरी द्या. मग मीच गप्प बसते. म्हातारीने किती बोलावं यालाही मर्यादा असते.

तवमणी आमच्याकडे प्रथम आली ती कडेवर मुलीला घेऊन. उंच, किडकिडीत, तिशीच्या आतली. लंकेतल्या यालपाणमच्या बाजूच्या कुठल्याशा समुद्राकाठच्या गावची. तिची तमिळ आमच्या सैदापेटच्या तमिळपेक्षा इतकी गोड होती की ती पाणी मागायची तरी गाणं म्हटल्यासारखं वाटे. आईने तिला पान वाढलं. आमचं सांबार तिने तोंडात घातलं आणि तिचा एक डोळा आपोआप मिटला. इतकं आंबट तिच्याकडे कुणी खात नसे. आईने ते पाहिलं आणि न बोलता सांबाराची वाटी उचलून तिच्यापुढे साधं वरण ठेवलं, नागपूरचं, हिंग-गुळाचं. हे वरण आमच्या घरात आईशिवाय कुणी खात नसे. तवमणीने ते मागून घेतलं. आई दिवसभर अशी मिरवत होती की जणू हायकोर्टात खटला जिंकली.

पुढच्या शनिवारी ती आपणहून स्वयंपाकघरात शिरली. फळीवर आईचा पितळी सोऱ्या होता, लग्नात माहेराहून आलेला, दिवाळीत चकल्या आणि शेव करायचा. तवमणीने तो उतरवला, उलटासुलटा करून पाहिला आणि तांदळाच्या पिठाचा डबा हाताने दाखवून मागितला. त्या दुपारी नागपूरच्या सोऱ्यातून यालपाणमचे इडियाप्पम उतरले, वाफवलेल्या शेवयांच्या पांढऱ्या जाळीदार चकत्या, आणि त्यांच्यावर घालायला नारळाच्या दुधाची पिवळीधमक सोदी. अप्पांनी झोपाळा थांबवून खाल्लं. तेव्हापासून शनिवारी त्या दोघी स्वयंपाकघरात असत. एक तमिळ बोलायची, एक मराठी, आणि दोघींचं काही अडत नसे. मी खिडकीखाली रगडा फिरवत असे. तवमणीची छोटी वाणी झोपाळ्यावर अप्पांच्या मांडीशी झोपी जाई, आणि ती जागी होऊ नये म्हणून अप्पा कड्या हातात धरून अवघडून बसत. मला कितीदा वाटतं की ते शनिवार तसेच कुठेतरी अजून चालू असतील, वारा सुटलेला असेल, आणि मीच तेवढी उठून आले असेन.

पण तवमणी काही इडियाप्पम करायला येत नव्हती. तिचा नवरा रत्नम गिंडीत एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करत असे. छावणीतून परवानगीशिवाय बाहेर राहिला म्हणून त्याला पकडलं होतं, आणि आता लंकेला परत पाठवणार होते. कोठडीत त्याच्यापुढे इंग्रजीतला एक कागद आला. ‘सही केलीस की सुटशील’ असं कुणीतरी सांगितलं, त्याने केली. कागदावर लिहिलं होतं की मी माझ्या मर्जीने मायदेशी जात आहे. त्याच्यासारख्या आणखी काहींना घेऊन जहाज निघायचं होतं, आणि त्याआधीच्या सोमवारी अप्पा हायकोर्टात अर्ज करणार होते. तवमणीच्या नावाने, तिच्या शपथेवर.

त्या शनिवारी जेवणं झाली. मेरी टीचर तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी विचारलं, “तवमणी, तो परत गेला तर काय होईल असं तुला वाटतं?”

“जिवंत राहणार नाहीत,” ती म्हणाली.

“कशावरून, अम्मा?” टीचरांनी विचारलं.

मेरी टीचर थांबल्या. अप्पांचा झोपाळा थांबला. तवमणीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मेरी टीचरांनी अप्पांकडे पाहून मान हलवली. संपलं, पुन्हा विचारायचं नाही.

अप्पांचा चेहरा मला अजून दिसतो. “‘जिवंत राहणार नाही’ असं प्रत्येक अर्जांत असतं गे, सरोजा,” ते मला म्हणाले, मी तांदळाचं पातेलं घेऊन मागे चालले होते. “जज्ज पण माणूस. रोज तेंच वाचून वाचून त्याचे कान बसून जातात. इथून परत गेलेल्या एकाचं काय झालं, हे पाहिलेलं कुणी सांगितलं तर तो ऐकेल. हिने काय तरी पाहिलंय. पण मी विचारणार नाही म्हणून शब्द दिलों ना.”

मी मागे आले. तांदूळ घातले, रगडा फिरवू लागले. खिडकीतून सोऱ्याच्या मुठीची करकर ऐकू येत होती. बऱ्याच वेळाने तवमणी बोलू लागली. हलक्या आवाजात, एका लयीत, पीठ मळताना माणूस बोलतं तसं. आधी मला वाटलं रोजचंच काही असेल. मग कुमरन हे नाव आलं, आणि पुन्हा आलं.

ती काय बोलली ते इथे लिहायला वाणीची परवानगी आहे. रत्नम आणि त्याचा धाकटा भाऊ कुमरन आधी होडीने इकडे आले होते. तवमणी बाळंतीण, सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्या दोघी मागे राहिल्या. मग गावात जरा शांत झालं. शाळा भरू लागली, मासळीबाजार भरू लागला. सासूला एकटीने उचलून बसवता येत नसे. तवमणीने एका ओळखीच्या होडीवाल्याकडे कुमरनसाठी निरोप धाडला. इथे आता बरं आहे, वहिनीने बोलावलंय म्हणावं, दादाला सांगू नको, तो येऊ देणार नाही. कुमरन आला. त्याने कुंपण नीट केलं, आईला अंघोळ घातली. एके सकाळी सैनिक आले. समुद्रापलीकडून कोण आलंय ते त्यांना ठाऊक होतं. तेवढीच पोरं त्यांनी वेगळी काढली. नंतर शाळेच्या मैदानात कपडे मांडले आणि बायकांना ओळखायला बोलावलं. कुमरनच्या शर्टाचं वरचं बटण तिनेच आदल्या संध्याकाळी लावलं होतं, पांढरा दोरा सापडेना म्हणून निळ्या दोऱ्याने. सासू महिन्याभरात गेली. तवमणी बाळाला घेऊन इकडे आली आणि रत्नमला तिने सांगितलं की तुमचा भाऊ आपल्या मनाने आला होता. रत्नमने विश्वास ठेवला. अजून तो मधूनच म्हणत असे, मूर्ख पोर, कुणी बोलावलं नव्हतं तरी गेला. आणि ती भात वाढत असे.

मधे मधे आईचा आवाज येत होता. “सरि... सरि... अगं बाई... सरि.” तिला यातलं काही कळत नव्हतं, याची मी पैज लावायला तयार आहे. पण शेवटी सोऱ्या खाली ठेवल्याचा आवाज आला आणि आई म्हणाली, “रडून घे, बाई. रडून घे.” मराठीत म्हणाली. ते तवमणीला कळलं नसणार.

माझा हात रगड्यावर कधी थांबला, मला कळलं नव्हतं. मग मागचं दार उघडलं आणि तवमणी सोऱ्या धुवायला नळावर आली. तिच्या गालाला पीठ लागलं होतं, आईच्या हाताचं. ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि नळ सोडला.

“दगड थांबला तेव्हाच मला कळलं,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

“अक्का, मी मुद्दाम नाही...”

“तुझ्या आईला कळत नव्हतं म्हणून मला बोलता आलं. तुला कळलं म्हणून आता मला परत बोलायला नको.” तिने सोऱ्याची जाळी बोटाने घासली. “तुझ्या अप्पांना तू सांग.”

“पण अक्का, ते कोर्टात वाचतील. रत्नम अण्णांच्या हातात तो कागद जाईल. त्यांना कळेल.”

“कळेल ना.” ती उठली. “जिवंत राहिले तरच कळेल.”

मी हात धुतले आणि हॉलमध्ये गेले. वाणी झोपाळ्यावर झोपली होती, अप्पांचा एक हात कडीवर होता. मेरी टीचर लिहायला बसल्या. तवमणी दाराशी, आमच्याकडे पाठ करून, आईबरोबर शेवग्याच्या शेंगा सोलत बसली. मी सांगू लागले. तमिळही मला परक्या भाषेसारखी वाटत होती. सगळं क्रमाने सांगितलं. पण निरोपापाशी आले तेव्हा तिच्या पाठीकडे पाहून मला पुढे रेटवेना. मी म्हटलं, “मग, सासूबाईंनी सांगितल्यावरून, कुमरनला निरोप गेला...”

“नाही,” तवमणी म्हणाली. मान वळवली नाही. शेंगेचा दोर ओढत होती. “मी. मीच बोलावलं.”

मेरी टीचरांनी लिहिलेलं खोडलं आणि नव्याने लिहिलं. पुढे तिने एकदाही दुरुस्ती केली नाही. सगळं लिहून झाल्यावर मेरी टीचरांनी ते आपल्या मऊ आवाजात वाचून दाखवलं, कारण वाचून दाखवल्याशिवाय सही घेता येत नाही. आईने तिचा हात धरून ठेवला होता. काय वाचलं जातंय ते तिने विचारलं नाही.

सोमवारी मी कॉलेजात होते म्हणायचं, पण शिकवलेलं काही डोक्यात शिरलं नाही. संध्याकाळी अप्पा आले. काळा कोट काढून खुंटीला लावला, झोपाळ्यावर बसले, आणि आईला म्हणाले, “थांबवलें. त्याला पाठवणार नाहीत. जज्जने ते पान दोनदा वाचलं.” आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आईने देवापुढे साखर ठेवली. मी मागे अंगणात जाऊन रडले. आनंदानेच रडले, पण पुरती आनंदाने नाही.

रत्नमला छावणीत परत पाठवलं, आणि तवमणीच्या शपथेच्या कागदाची प्रत त्याला मिळाली. त्यानंतर तवमणी आली नाही. एक शनिवार गेला, आणखी एक गेला. आई सोऱ्या फळीवरून काढून पुसून पुन्हा ठेवून देई. “तिच्या नवऱ्याने तिला टाकली असेल तर?” ती मला विचारी, आणि मग आपणच म्हणे, “छे, असं कसं?” अप्पा यावर बोलत नसत. खटला जिंकलेला माणूस इतका गप्प असलेला मी पुन्हा पाहिला नाही.

परवा वाणी आली होती. ती आता चाळिशीच्या पुढे गेली आहे, एका शाळेत शिकवते. तिला आपल्या गावाचं काहीच आठवत नाही, तिच्या स्वप्नांतसुद्धा सैदापेटच येतं, पण कागदावर ती अजून निर्वासितच आहे आणि प्रत्येक सरकारी खिडकीवर तिला विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या? शनिवारी माझ्या फ्लॅटवर अजून माणसं येतात. बँकेची नोकरी सुटली, पण शनिवार सुटला नाही. वाणी त्यांतलीच एक आहे, आणि कधीकधी त्यांना वाढणारीही. रगडा आता माझ्या गॅलरीत आहे, त्याच्या खळग्यात चिमण्यांसाठी पाणी भरून ठेवते. वाणी तिथे उभी होती आणि अचानक म्हणाली, “अक्का, माझे अप्पा त्या दिवशी तुमच्या आईला काय म्हणाले? त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही, आणि आता ते नाहीत. तुम्ही तर खिडकीखालीच होता.” ती विचारत होती म्हणून मी हे सगळं लिहायला बसले.

वाणी विचारत होती त्या दिवशी, म्हणजे असे काही शनिवार गेल्यावर, छावणीतून परवानगी काढून ती तिघं आली होती. रत्नम बुटका, रुंद खांद्यांचा, वाणी त्याच्या खांद्यावर. तवमणी त्याच्या मागे, हातभर अंतर ठेवून. तो अप्पांच्या पाया पडला. कुणी काही विचारलं नाही, आमचा नियमच होता. आईने पानं मांडली. तो खाली मान घालून जेवला, भात मागून घेतला, ताक घेतलं. तवमणीने घास गिळलेला मी पाहिला नाही. मेरी टीचर तिच्याजवळ सरकून बसल्या. पुढे काय होणार ते आम्हा सगळ्यांना त्या पानांवर दिसत होतं आणि कुणालाच बघायचं नव्हतं.

रत्नम उठला, हात धुऊन आला, आणि हॉलमध्ये न बसता स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. आत आई एकटी होती, भांडी आवरत.

“अम्मा,” तो म्हणाला.

आईने त्याच्याकडे पाहिलं. हातातलं पातेलं ठेवलं. “सरि,” म्हणाली, आणि पायाने पाट पुढे सरकवला.

तवमणी हॉलमधून उठली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. आपल्याला काय हवंय ते तिला सांगावं लागलं नाही.

मी मागच्या अंगणात आले. पीठ मघाशीच वाटून झालं होतं, डब्यात भरलं होतं, रगडा धुऊन कोरडा केला होता. मी डबा उघडला, सगळं पीठ पुन्हा खळग्यात ओतलं आणि दगड फिरवायला सुरुवात केली. खिडकीतून रत्नमचा आवाज येऊ लागला. आधी खालच्या पट्टीत, मग वर. मी जोरात फिरवू लागले. तो जितका चढे तितका मी दगड दाबत होते. कढीलिंबाची पानं पिठात पडत होती, ती काढायला मी थांबले नाही. एकदा तो नुसता हुंदका वाटला, एकदा हसल्यासारखंही वाटलं, पण शब्द एकही मी आत येऊ दिला नाही. रगड्याच्या घरघरीवरून फक्त आईचं “सरि, सरि” तरंगत येत होतं. सूर्य गच्चीमागे गेला, हात खांद्यापासून भरून आला, तळव्याला चटका बसू लागला, तरी दगड फिरत होता.

तो थांबला तेव्हा मी थांबले. समोरच्या दाराशी गेले तर रत्नमने झोपलेल्या वाणीला खांद्यावर घेतलं होतं. डोळे लाल होते. तवमणी भिंतीशी उभी होती. “चल,” तो तिला म्हणाला, “बस चुकेल.” तो पुढे निघाला, ती मागे. कोपऱ्यावर पोचल्यावर तो थांबला. ती त्याच्या बरोबरीला येईपर्यंत थांबला, आणि मग दोघं वळली.

आई माझ्याशेजारी फाटकापाशी उभी होती. “काय गं,” तिने विचारलं, “किती वेळ बोलला बिचारा. मला मेलीला एक अक्षर कळलं नाही. काय म्हणाला? तू ऐकलंस ना?”

“नाही,” मी म्हटलं. “मी वाटत होते.”

आईने माझा हात उलटा करून पाहिला. तळव्यावर मोठा फोड आला होता. तिने तो अंगठ्याने हलकेच चाचपला.

“सरि,” ती म्हणाली, आणि तूप आणायला आत गेली.